दोन शिक्षक, चार वर्ग, ४१ लेकरं: वर्षाचं नियोजन विषयवार करावं की गावाच्या हंगामाप्रमाणे?

बालाघाट | ४ मे, रात्री ९.२०

नमस्कार. इथं बरीच वर्षं फक्त वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या बाजूला डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा, पट ४१. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. माझ्या दोन वर्गांत मिळून २३ लेकरं. त्यातल्या १४ जणांची घरं ऊसतोडीची. तिघं आजीजवळ मागं राहतात, बाकीची ११ दसरा झाला की आईबापाबरोबर जातात आणि पाडव्याच्या मागंपुढं परत येतात.

सुट्टीत वार्षिक नियोजन लिहायला घेतलं. तक्ता दरवर्षीचाच. डावीकडं जून ते एप्रिल, वर मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कडेला कला-कार्यानुभव-शारीरिक शिक्षण, आणि चौकटीत घटकाचं नाव. गणिताच्या रकान्यात नोव्हेंबरपुढं 'हातच्याची वजाबाकी' लिहिलं आणि पेन थांबला. गेल्या वर्षीही तिथंच लिहिलं होतं.

एप्रिलात परत आलेल्या तिसरीतल्या एका पोरीला मी ५२ वजा २७ दिलं. तिनं लगेच ३५ लिहून पाटी पुढं केली. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. चुकलीस असं माझ्या तोंडून निघेना. दिवाळीआधी जेवढं शिकवलं होतं तेवढ्यावर तिनं उत्तर काढलं होतं. पुढचं मी शिकवलं तेव्हा ती कर्नाटकात कुठल्यातरी फडाच्या कडेला धाकट्या भावाला सांभाळत होती.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की विषयांचे रकाने बाजूला ठेवून वर्ष गावाच्या हंगामावर बांधावं. सूत्रं अशी: आधी पाऊस, मग पेरणी आणि पोळा, मग काढणी आणि बाजार, आणि शेवटी 'वाट', म्हणजे गाव सोडून जाणं-येणं. प्रत्येकात चारही विषय गुंफायचे. दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, तेव्हा विषयवस्तू एक ठेवून तिसरीला अलीकडचं आणि चौथीला पलीकडचं काम देता येईल. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं असतं, त्यामुळं तिथं आमचाच जिल्हा आहे. तेवढी सोय आयतीच.

कुणी असं केलंय का? कुठं अडलं? मोकळेपणानं सांगा, १५ जूनच्या आत हे कागदावर यायला हवं.

येळवस | ४ मे, रात्री १०.०५

ताई, मी लातूर जिल्ह्यात चौथीला शिकवतो. पावसाचं सूत्र जरूर घ्या, मी तीन वर्षं घेतोय. नुसतं 'पाऊस' म्हटलं की गाणं, चित्र आणि निबंध एवढ्यावर गाडी थांबते, म्हणून आम्ही काय करतो ते सविस्तर सांगतो.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात लेकरांकडून पर्जन्यमापक बनवून घेतो. सरळ बाजूंची दोन लीटरची पाण्याची बाटली घ्यायची, मधल्या भागाला नक्षी किंवा खाच नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, त्याचं नरसाळं होतं. बाटलीचा तळ खालीवर असतो, तिथंच पहिल्या वर्षी आमचं गणित चुकलं. म्हणून तळात खडे घालून खडे बुडेपर्यंत पाणी ओतायचं, आणि त्या पाण्याच्या रेषेवर पट्टीचा शून्य धरून मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवायची. वरून सेलोटेप. बाटली झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, विटांच्या आधारानं ठेवायची. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं. आम्ही शाळा भरली की परिपाठाच्या आधी घेतो, पण रोज त्याच वेळेला. नोंद झाली की पाणी परत शून्यावर आणून ठेवायचं.

आता यात काय काय येतं बघा. पहिली-दुसरी पाऊस पडलेल्या दिवसाचा चौकोन निळा रंगवते. तिसरी आठवड्याची बेरीज करते. चौथी महिन्याचा स्तंभालेख काढते आणि 'जुलैत जूनपेक्षा किती जास्त' हे वजाबाकीनं सांगते. भाषेत रोज एकच वाक्य, पण शब्द नेमका हवा. भुरभुर होती, सर येऊन गेली, झड लागली, वळीव झाला, उघडीप आहे, नुसतं आभाळ आलं. आमच्या लेकरांना हे शब्द घरून येतात, पुस्तकातून नाही. ते वहीत आले की त्यांना आपल्या बोलीचा मान वाटतो. नक्षत्रं आजोबांना विचारून आणायची. मृगात किती मिलिमीटर, आर्द्रात किती, असा वेगळा तक्ता होतो.

चौथीला एक गोष्ट हमखास भावते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लीटर पाणी. व्हरांड्यात खडूनं मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन आखले, बारा बसले. मग दहा मिलिमीटर पाऊस पडला तर तेवढ्या जागेवर १२० लीटर, म्हणजे बारा लीटरच्या दहा घागरी! त्या दिवशी एक पोरगा शाळेच्या अख्ख्या पत्र्याचं माप घ्यायचं म्हणून हटून बसला.

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला १० टँकर, एकेकात ५० हजार लीटर. आता वर्गात आहेत ती लेकरं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण घरी सगळ्यांना आठवतं. घरी विचारून या म्हटलं की आया भरभरून सांगतात, आणि आमचा इतिहासाचा तास तिथूनच सुरू होतो.

तिसरीची_आई | ५ मे, सकाळी ७.४०

वाचतेय. फार छान चर्चा.

निवृत्त_खडू | ५ मे, सकाळी ११.१५

बाई, तुमची तळमळ पोचली. मी परभणी जिल्ह्यात ३४ वर्षं प्राथमिकला होतो, त्यातली अकरा वर्षं एकशिक्षकी. एका ठिकाणी तुम्हाला थांबवतो, राग मानू नका.

सूत्रावर सगळं बांधलं की गणिताची शिडी मोडते. पाऊस, पोळा, बाजार हे एकापाठोपाठ येतात ते निसर्गाच्या क्रमानं. संख्याज्ञान, दशक-एकक, बिनहातच्याची, हातच्याची, गुणाकार हा क्रम वेगळाच आहे. पोळ्याच्या आठवड्यात बैलाच्या चित्रावरून गुणाकार आला आणि लेकराला अजून दशक उमगलेला नाही, असं होतं. मी हे स्वतः केलंय. एका वर्षी पोळ्याचं सूत्र मोठ्या हौसेनं घेतलं. मातीचे बैल, झुली, गाणी, बैलाच्या साजाची नावं, गावानं कौतुक केलं. महिनाअखेरीला दुसरीतली सात लेकरं जोडाक्षराशी अडत होती तिथंच अडलेली होती. त्या महिन्यात त्यांना रोज वाचायला मी बसवलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं असं, की वाचन-लेखनाचा एक तास आणि गणिताचा एक तास रोज, पोळा असो की पंचमी, हलवायचा नाही. त्यात शिडीनंच चढायचं. परिसर, कला, कार्यानुभव, तोंडी भाषा, इंग्रजीचे शब्द हे सगळं सूत्रात घ्या, आणि सूत्रातून गणिताला *सराव* मिळू द्या. येळवस सरांची चौथी स्तंभालेख काढते तो सराव आहे. वजाबाकी तिथं नव्यानं शिकवलेली नाही, हे लक्षात घ्या.

५२ वजा २७ चं: त्या पोरीला उभ्या मांडणीत पुन्हा समजावू नका. तुराट्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, रबर लावा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्या हातात द्या आणि म्हणा, 'मला सत्तावीस दे.' दोन गठ्ठे देईल, सात सुट्या मागितल्या की थबकेल. थबकू द्या, बोलू नका. ती आपल्या हातानं रबर काढील. रबर निघालं की हातचा कळला. कागद त्यानंतर.

मन्याडकाठ | ५ मे, दुपारी २.३०

गुरुजींशी सहमत, पण भाषेच्या तासाबद्दल थोडं. माझी शाळा नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. पहिलीत यंदा १९ होती. सात तांड्यावरची, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. चौघांच्या घरी तेलुगू, दोघांच्या दखनी. म्हणजे ज्या लेकरांची 'मराठी प्रथम भाषा' धरून आपण नियोजन करतो, त्यातली दोनतृतीयांश मराठी शाळेत आल्यावर ऐकतात.

पहिल्या वर्षी मी 'आई' शब्दापासून वाचन सुरू केलं. एक पोरगी आईच्या चित्राकडं बघून 'याडी' म्हणाली, आणि मी 'आई म्हण' म्हणालो. ती त्यानंतर आठ-दहा दिवस वर्गात बोललीच नाही. आता जून आणि निम्मा जुलै मी फक्त बोलणं ठेवतो. भिंतीवर चित्र, खाली चारही भाषांतले शब्द, देवनागरीत. लेकरंच एकमेकांना विचारून भरतात. पोषण आहाराचं ताट, शाळेचा रस्ता, शेळी, पाऊस हे पहिले विषय. मग अक्षरं. तीन आठवडे 'मागं' पडल्यासारखं वाटतं, दिवाळीपर्यंत ते भरून निघतं. ताई, तुमच्याकडंही तांडे असतील, सरांना हे जरूर सांगा.

तिसरीची_आई | ५ मे, रात्री ९.५०

मी शिक्षिका नाही, संभाजीनगरला राहते, मुलगी इंग्रजी शाळेत तिसरीला. तरी एक सांगावंसं वाटतं. तिच्या शाळेत महिन्याला एक विषय असतो, 'पाणी', 'वाहतूक' वगैरे, आणि त्याचं काम घरी येतं. थर्माकोल, चमकी, रात्री अकराला मी किंवा तिचे बाबा कापत बसतो. ती झोपलेली असते. पाण्याच्या महिन्यात आम्ही धरणाचं सुंदर मॉडेल केलं. जायकवाडी आमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, आमच्या नळाला पाणी तिथून येतं, आणि ते तिला माहीतच नव्हतं. परवा मुद्दाम पैठणला नेलं, नाथसागराच्या बांधावर उभी केली. 'एवढं पाणी असून आपल्याला रोज का येत नाही?' हा तिचा पहिला प्रश्न.

तुम्ही सूत्र घ्याल तेव्हा लेकरांची सगळी कामं शाळेतच करून घ्या, घरी पाठवू नका. घरी फक्त प्रश्न पाठवा.

येळवस | ५ मे, रात्री १०.१०

+१. 'घरी फक्त प्रश्न' हे मी लिहून घेतलं.

कोपीतला | ६ मे, पहाटे ५.३०

रात्रभर हा धागा डोक्यात होता. मी धारूर भागातला. दुसरी ते सातवी, सहा हंगाम आईबापाबरोबर ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडाजवळच्या खोपटात, काढले. आज जालना जिल्ह्यात माध्यमिकला गणित शिकवतो.

बाई, तुम्ही त्या पोरीला चुकलीस म्हणाला नाहीत, याबद्दल आधी तुमचे आभार. मला म्हणायचे. एप्रिलात आलो की वर्ग पुढं गेलेला, बाकावरची जागा बदललेली, आणि मास्तर म्हणायचे, 'आला का रे, आता परीक्षेला बस.' मी बसायचो. पेपरात काय विचारलंय ते वाचता यायचं नाही.

पण तिकडं मी रिकामा नव्हतो हेही सांगतो. पहाटे तोड सुरू व्हायची. बाप तोडायचा, आई मोळी बांधून डोक्यावर गाडीपर्यंत न्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता. मी पाणी आणायचो, वाढ्याच्या पेंढ्या बांधायचो, बहिणीला सांभाळायचो. गाडी भरून गेली की काट्याची पावती यायची. बापाला वाचता येत नव्हतं, पावत्या मी ठेवायचो. किती टन झाले, उचलीतले, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतले, किती फिटले, हे मी चौथीत असताना मुकादमासमोर सांगायचो. दशांश चिन्ह मला त्या पावतीवर कळलं. शाळेत ते पुढं कधीतरी आलं, तेव्हा वर्गात एकट्या मला ते आधी माहीत होतं आणि मी हात वर केला नाही.

तुमच्या नियोजनाबद्दल दोन गोष्टी.

हातच्याची वजाबाकी नोव्हेंबरातून काढून ऑगस्टात आणा. दसऱ्याआधी काय झालंच पाहिजे याची यादी आधी करा, मग उरलेलं वर्ष भरा. जाणाऱ्या लेकरांच्या पिशवीत अख्खी पुस्तकं देऊ नका, कोपीत ती भिजतात, चुलीला लागतात. वीस-पंचवीस पानांची एक वही द्या. रोजचं एक पान, अर्ध्या तासाचं, मोठं माणूस नसलं तरी करता येईल असं. प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि जाणाऱ्या लेकरांना तिकडच्या शाळेत दाखवायला आपण शिक्षण हमी कार्ड देतो, त्यावर नुसती इयत्ता लिहू नका, लेकरू शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे ते लिहा. तिकडच्या शाळेत कुणी बसवून घेतलंच तर त्या शिक्षकाला धागा तिथून उचलता येईल.

दुसरी गोष्ट मनातली आहे. 'वाट' हे सूत्र वर्गात घेऊ नका. निदान ऊसतोडीच्या लेकरांना उभं करून 'तुझा अनुभव सांग' म्हणू नका. मला एकदा केलं होतं. त्या दिवशी पोटात दुखतंय सांगून घरी गेलो. मला शाळेत ऊसतोड्याचं पोरगं व्हायचं नव्हतं, नुसतं पोरगं व्हायचं होतं. पावती आणा, बाजाराच्या सूत्रात आणा. कापूस वेचणीची पावती, किराण्याची पावती, काट्याची पावती, सगळ्या एकत्र. ज्याला सांगायचं तो आपण होऊन सांगेल.

निवृत्त_खडू | ६ मे, सकाळी ८.००

सर, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्या वर्गातूनही अशी लेकरं एप्रिलात आलेली आहेत आणि 'आता परीक्षेला बस' हे वाक्य मीही म्हटलेलं आहे. ते आज टोचलं.

बालाघाट | ८ मे, रात्री ८.४५

दोन दिवस तुमच्या प्रतिसादांवर बसले होते. आमच्या सरांनाही वाचून दाखवले. मन्याडकाठ सर, तांडा आमच्याकडंही आहे आणि 'याडी'चा प्रसंग ऐकून आमचे सर बराच वेळ काही बोलले नाहीत. पहिलीचा जून आता तुमच्यासारखाच ठरलाय.

कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, म्हणजे दिवसाला चार तास. मी गेल्या वर्षीची हजेरी काढून मोजली. जाणाऱ्या अकरा जणांच्या वाट्याला सरासरी ९० दिवस आले. ८०० तासांतले ३६०. आजवर मी नियोजन २०० दिवसांच्या लेकरासाठी लिहीत होते. आता ९० दिवसांच्या लेकरासाठी आधी लिहिलंय.

रोजचे पहिले दोन तास गुरुजी म्हणतात तसे, वाचन-लेखन आणि गणित, न हलवता. त्यात तिसरी-चौथी अशी बैठक न ठेवता पायरीप्रमाणं गट. चौथीतलं लेकरू दशकावर असेल तर ते तुराट्यांच्या गटात बसेल. तिसरीला हातच्याची बेरीज जुलैत, वजाबाकी ऑगस्टात, चौथीला गुणाकार-भागाकाराचा गाभा सप्टेंबरअखेर. भौमितिक आकृत्या, घड्याळ, दिनदर्शिका हे मागं ढकललं. ते लेकरं बाहेरही थोडंफार शिकतात, आणि आल्यावर लवकर भरून निघतं.

दुपारी सूत्र. पावसाचं सूत्र जून ते सप्टेंबर लांबवलंय, बाटलीसकट. दिशा आणि नकाशा पुस्तकात जिथं असेल तिथून उचलून जुलैत आणले. शाळेपासून घरापर्यंतचा, मग गावाचा, मग जिल्ह्याचा. जाणाऱ्या लेकरांना आपण कुठं चाललो ते नकाशावर बोट ठेवून सांगता यावं, एवढ्यासाठी. 'वाट' हे सूत्र काढून टाकलं. सर, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ते घेतलं असतं, आणि चांगलं केलं असं समजून घेतलं असतं. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, दरवर्षी झेंडा आणि भाषण एवढंच होतं. यंदा त्या आठवड्यात गावातल्या एका नव्वदीच्या आजींना शाळेत बोलावणार आहे, १९४८ साली त्या लहान होत्या. चौथीनं प्रश्न आधी लिहून आणायचे.

दिवाळीनंतर वर्गात बाराच लेकरं उरतात. तेव्हा काढणी, बाजार आणि पावत्या. शिवछत्रपतींचं पुस्तक मी जूनपासूनच रोज दहा मिनिटं गोष्टीसारखं वाचणार आहे, म्हणजे जाणाऱ्यांचं निम्मं तरी ऐकून होईल. एप्रिलचे तीन आठवडे पूर्ण मोकळे ठेवलेत. नवा घटक नाही, फक्त परत आलेल्यांची पायरी बघायची आणि तिथून चढायचं.

वही करायला घेतलीय. २४ पानं. पहिल्या पानावर वीस ओळींची गोष्ट, दुसऱ्यावर काड्यांनी करायच्या पाच वजाबाक्या. तिकडं काड्या सापडतीलच.

एक शंका राहिली. केंद्रप्रमुखांना ठरलेला तक्ता द्यावा लागतो. क्रम बदललेला चालेल का?

निवृत्त_खडू | ८ मे, रात्री ९.१०

चालतो. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे लेकराला काय यायला हवं ते, इयत्तेच्या आहेत, महिन्याच्या नाहीत. तक्ता त्यांच्या नमुन्यातच भरा, चौकटीत तुमचा क्रम लिहा, आणि मागं हजेरीचा तो ९० दिवसांचा हिशेब जोडा. तो कागद बघून कुणी हरकत घेईल असं वाटत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीही त्याच क्रमानं ठेवा, म्हणजे मेळ बसेल.

घड्याळ मात्र मागं टाकू नका असं सुचवतो. मोबाइलवर आकडे दिसतात, काट्यांचं घड्याळ लेकरांना कुठंच भेटत नाही. परिपाठात रोज एकदा विचारा, वेगळा तास नको.

कोपीतला | ८ मे, रात्री ९.४०

वहीची पानं तयार झाली की मला पाठवा. गणिताची पंचवीस पानं मी करून देतो, पायरीप्रमाणं तीन प्रकारची. छपाईचं माझ्याकडं लागलं.

येळवस | ८ मे, रात्री १०.२०

ताई, एक डोक्यात आलंय. मांजरा तुमच्या पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते. तिथलं पाणी खाली धनेगावच्या धरणात येतं आणि लातूरकर ते पितात. तुमच्याकडं किती पडलं ते माझ्या लेकरांना कळलं तर? तुमची दर सोमवारी आठवड्याची बेरीज लिहितील, आमची आमची लिहितील. पोस्टकार्डावर, लेकरांच्या अक्षरात. पन्नास पैशांचं एक कार्ड. फोनवर एका मिनिटात होईल हे खरं, पण पत्ता लिहिणं, पिनकोड, तारीख, 'स.न.वि.वि.' हे सगळं त्यात येतं. तिसरीच्या मराठीला पत्रलेखन वेगळं घ्यायलाच नको.

बालाघाट | ८ मे, रात्री १०.३५

करू या सर! जूनच्या तिसऱ्या सोमवारी पहिलं कार्ड आमच्याकडून. आत्ताच पाऊस नसेल तर काय लिहायचं असा प्रश्न माझ्या लेकीनं विचारलाय. तिला म्हटलं, शून्य लिहायचं, शून्य मिलिमीटर.

शाळेचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते. कोपीतला सर, वहीची पानं रविवारपर्यंत पाठवते.